तक्रार कुठे न्यायची?

मंजुश्री सारडा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो तो परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांमुळे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितलेल्या या कसोट्यांना वकील मंडळी ‘पंचशील’ म्हणतात. त्या निकालपत्राचा मोठा भाग ज्या पत्रांच्या चर्चेने व्यापला आहे, त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न होऊन पुण्यात नांदायला आलेली ही तरुणी जूनमध्ये विषाने दगावली. मधल्या चार महिन्यांत तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहून सासरी काय सोसावे लागते ते कळवले होते. बायका बोलत नाहीत, सोसत राहतात, हे आपल्याकडे इतक्या सहजपणे म्हटले जाते की या पत्रांपाशी थांबायला हवे. ती बोलली होती, तेही लेखी. पण ज्यांना सांगितले त्यांच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हाती होता त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट तिच्यासाठी कुणी आखलेली नव्हती. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक हिंसाविरोधी कामाचा इतिहास सहसा कायद्यांच्या सनावळीने सांगितला जातो. माझ्या मते तो तक्रार घेऊन जाण्याच्या जागांचा इतिहास म्हणून वाचला, तर जास्त उलगडतो.

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी अशा जागा उभ्या केल्या होत्या. फुले दांपत्याचे बालहत्या प्रतिबंधक गृह (१८६३), पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९), कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६). त्यांचे मोल वादातीत आहे. मात्र ही दारे मुख्यतः विधवांसाठी उघडली होती. जिचा नवरा हयात आहे, ती सुधारकांच्या हिशेबातही निराधार ठरत नव्हती. मार खाणाऱ्या सवाष्णीला माहेरचाच काय तो आसरा, आणि माहेर चार दिवस ठेवून घेऊन समजूत घालून परत पाठवी. चौकीवर गेलीच, तर ‘नवरा-बायकोचे भांडण’ म्हणून अदखलपात्र नोंद होई. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली तेव्हापासून शंभर वर्षे हा प्रश्न छापील शब्दांत हजर होता. तो नेऊन मांडायला टेबल नव्हते.

मंजुश्रीच्या मृत्यूनंतर पुण्यात नारी समता मंच उभा राहिला. देशभर हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघत होते, आणि १९८३ च्या अखेरीस भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. पतीची व सासरच्यांची क्रूरता दखलपात्र गुन्हा झाली. तरीही ठाण्यात जाऊन अंमलदारापुढे उभे राहणे तेवढेच अवघड होते. म्हणून १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, ही घटना मला कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते. तिथे बसत त्या गणवेषातल्या कुणी नव्हत्या. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या होत्या. बाईचे सगळे ऐकून घ्यायचे, नवऱ्याला बोलावून घ्यायचे, स्त्रीधन परत मिळवून द्यायचे, गुन्हा नोंदवायचा असेल तर सोबत ठाण्यात जायचे. बोलावणे पोलिसांच्या आवारातून आले की नवरा येतो, हे साधे व्यवहारज्ञान त्यामागे होते. २००५ मध्ये राज्य शासनाने हे काम आपल्याकडे घेतले आणि पुढे ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेले.

यावर स्त्री चळवळीतूनच एक आक्षेप आला. पोलिसांच्या छपराखाली समुपदेशन म्हणजे गुन्ह्याचे रूपांतर समेटात करणे. दोघांनी जुळवून घ्या म्हणत बाईला पुन्हा त्याच घरात लोटणे. आक्षेप खोटा नाही, अशा बैठकी घडतात. पण त्यावरचा उपाय कक्ष बंद करणे हा नव्हे. कित्येकींना नवरा तुरुंगात जायला नको असतो. मार थांबायला हवा असतो, मुले आणि डोक्यावर छप्पर हवे असते. फौजदारी कलमाकडे यातले काहीच नव्हते. ती उणीव भरली २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने. ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या या दिवाणी स्वरूपाच्या कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचे आदेश दिले. आता हिंसा थांबवणे ही वाटाघाटीची बाब राहत नाही. वाटाघाट झालीच तर बाईच्या अटींवर बाकीच्या गोष्टींची.

जागेचा विचार सर्वांत नेमका केला तो वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात, २००० च्या सुमारास ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी मिळून सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने. पोलिसांत जायला घरून मज्जाव असतो, दवाखान्यात जायला सहसा नसतो. स्टोव्हचा भडका उडाला, जिन्यावरून पाय घसरला, चुकून औषध प्यायले, अशी कारणे केसपेपरवर वर्षानुवर्षे उतरत होती. तिथल्याच परिचारिकांना आणि डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारायला शिकवणे, हे या केंद्राचे खरे काम.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: बायका कायद्याचा गैरवापर करतात, शिक्षा होतात त्या मूठभर खटल्यांत. गैरवापर अजिबात नाही असे कुणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सरसकट अटकेला लगाम घातला, आणि तो योग्यच होता. पण सुटका झाली म्हणजे तक्रार खोटी, हे गणित चूक आहे. मंजुश्रीच्या खटल्यातही आरोपी सुटला. न्यायालयाने पत्रे बनावट ठरवली नव्हती; ती दुःखी होती हे मान्य करून, आत्महत्येची शक्यता उरते म्हणून खुनाचा आरोप निःसंशय सिद्ध झाला नाही, असे म्हटले. चार भिंतींआडच्या गुन्ह्यात पुरावा तितका दुर्मीळच असणार, आणि बरीच प्रकरणे निकालाआधी तडजोडीने मिटतात. दारांवर गर्दी झाल्याची ओरड तर आकड्यांपुढे टिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक माहेरच्यांकडेच गेल्या होत्या. तालुक्याच्या गावी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी नेमला गेला तोही अनेकदा आधीच्या कामांवर अतिरिक्त कार्यभार म्हणून, त्यामुळे तो कोणत्या कार्यालयात कधी भेटेल हे तिथल्या बाईला सांगणारे कुणी नसते.