मोंढ्यातला बट्टा

एका रूपातला पैसा दुसऱ्या रूपात नेताना जी तूट सोसावी लागते, तिला व्यापारी भाषेत बट्टा म्हणतात. फाटकी नोट मोडताना, मुदतीची हुंडी आधी वटवताना, एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात चालवताना तो कापला जाई. नांदेड आणि लातूरच्या बाजारांत पैसे चुकते करण्याच्या पद्धती गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलल्या. प्रत्येक बदलात भांडण मात्र एकच राहिले: बट्टा कोणाच्या माथी. छोट्या दुकानदाराच्या गल्ल्यावर आलेले कार्डाचे यंत्रही याच भांडणात अडकले.

१९४८ पर्यंत ही दोन्ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानाचे चलन वेगळे होते. त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजी रुपया तो कलदार. कलदार म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. विसाव्या शतकाच्या आरंभी चारमिनारचे चित्र असलेले हालीही यंत्रावरच पडू लागले, पण कलदार हे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिले. १९१८ मध्ये संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या.

दोन चलनांचा प्रश्न रोजचा झाला तो रेल्वेमुळे. हैदराबाद–मनमाड मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि नांदेडचा कापूस थेट इंग्रजी मुलखाकडे जाऊ लागला. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी तिथे पोहोचली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे कलदारच्या राज्यात. माल तिकडे गेला की पैसे कलदारात येत, शेतसारा मात्र हालीत भरायचा. पुढे ठरलेला सरकारी दर सहा कलदारला सात हाली असा होता. शंभर कलदारचे ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. सराफाच्या पेढीवर हा हिशेब तोंडी होई, आणि मोड करून देणाऱ्याचा कसर-बट्टा त्यातच मुरलेला असे. शेतकऱ्याला तो वेगळा दिसतही नसे.

लातूरच्या पेठेला आजचा आकार १९१७ च्या गंजगोलाईने दिला. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातली ही दुमजली गोल इमारत, मध्ये अंबाबाईचे देऊळ, आणि सोळा दिशांना फुटलेले सोळा रस्ते. मराठवाड्यात धान्याच्या घाऊक बाजाराला मोंढा म्हणतात. नांदेडला जुना मोंढा आणि नवा मोंढा अशी दोन नावे अजून रूढ आहेत. मोंढ्यात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची चाल होती. बघणाऱ्याला काही कळत नसे आणि माल ज्याचा, त्याला तर सर्वांत कमी. आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कपात होई. ही प्रथा आवरण्यासाठी संस्थानाने १९३० मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा केला, आणि महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. बोटांचा कारभार गेला, लिलाव उघड झाला. कपातींची यादी मात्र पुढेही वादाचा विषय राहिली.

मोठ्या रकमा नाण्यांत क्वचितच फिरत. त्यासाठी हुंडी होती. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळणारी ती मुदती. तिच्यावरच्या खर्चाला हुंडणावळ म्हणत. एका गावच्या पेढीने लिहिलेला कागद दुसऱ्या गावी पैसा व्हायचा तो केवळ सहीच्या जोरावर. हुंडी चालवायला सही ओळखणारा माणूस समोर लागे. कार्डाच्या यंत्राने पुढे केलेली खातरजमा ही एका अर्थी त्याच माणसाची बदली होती.

१९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात आल्यावर भारतीय रुपया आला आणि १९५० च्या दशकात हाली व्यवहारातून गेला. १९४१ च्या हैदराबाद स्टेट बँकेचे १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले; मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांची ‘मोठी बँक’ हीच, २०१७ च्या विलीनीकरणापर्यंत. १९७६ मध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक निघाली. तरीही किराणा, कापड, बी-बियाणे या दुकानांचा कणा बँक नव्हती, वही होती. ज्याच्या नावे पान आहे त्याने वर्षभर न्यायचे आणि सुगीला, म्हणजे माल मोंढ्यावर आला की, फेडायचे. या उधारीत बट्टा नव्हता असे नाही; तो भावात मिसळलेला असे आणि गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असे.

भारतातले पहिले क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेने १९८० मध्ये काढले. त्या काळचे यंत्र म्हणजे कार्डावरच्या उठावदार आकड्यांचा कार्बन कागदावर ठसा घेणारा दांडा. नंतर चुंबकी पट्टी वाचणारे, टेलिफोनच्या तारेला जोडलेले यंत्र आले, आणि मग सिमकार्डावर चालणारे. अशी यंत्रे आधी सराफ, मोठी कापड दुकाने, पेट्रोल पंप यांच्याकडे बसली. टपरीवाल्याकडे ती जाण्याचा प्रश्नच नव्हता: महिन्याचे भाडे, चालू खाते, टेलिफोनची तार, आणि वर दर विक्रीमागे दोन टक्क्यांच्या आसपास कपात. ‘कार्डावर दोन टक्के जास्त पडतील’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येई. नियमाला ते मान्य नव्हते, पण मोंढ्याच्या तर्काने पाहिले तर त्यात नवे काहीच नव्हते. २००० नंतरच्या दशकात मराठवाड्यातल्या भारनियमनाने तारेवरच्या यंत्राची उरलीसुरली पत घालवली.

वही ओळखीच्या माणसासाठी असते. कार्ड अनोळखी माणसासाठी. नांदेडला अनोळखी गिऱ्हाईक नेहमीचेच, कारण १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला तो सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा इथे आहे. गुरू ग्रंथसाहिबला गुरुपद दिल्याच्या, म्हणजे गुरता गद्दीच्या, २००८ मधल्या त्रिशताब्दीला देशापरदेशांतून भाविक आले, रस्ते आणि घाट नव्याने बांधले गेले. लुधियानाच्या प्रवाशाच्या नावे वहीत पान उघडता येत नाही. लातूरला तेच स्थान शिकवणीसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांचे. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजलेल्या शिकवणीच्या पद्धतीने आणलेली ही मुले वडिलांनी भरलेल्या खात्याचे एटीएम कार्ड खिशात घेऊन येत.

छोट्या विक्रेत्यासाठी वेगळे यंत्र सुचले ते अमेरिकेत. २००९ मध्ये जॅक डॉर्सी आणि जिम मॅकेल्वी यांनी स्क्वेअर कंपनी काढली. तिचा टपाल-तिकिटाएवढा वाचक मोबाइलच्या हेडफोनच्या खाचेत बसे. भारतात २०११ मध्ये मुंबईची एमस्वाइप आणि बेंगळुरूची इझीटॅप या कंपन्या त्याच वाटेने निघाल्या. मात्र रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ पासून डेबिट कार्डाला दुकानात पिन सक्तीचा केला. त्यामुळे नुसता प्लास्टिकचा ठोकळा पुरेना. आकड्यांच्या कळा असलेले, पिन सुरक्षित ठेवणारे, ब्लूटूथने मोबाइलशी बोलणारे यंत्र लागले आणि ते महाग पडले. सुरक्षेचा नियम योग्यच होता, पण भारतातला सर्वांत स्वस्त वाचक त्यानेच बाजारातून बाद केला.

मग २०१६ उजाडले. त्या वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्याच महिन्यात मोबाइलवरून थेट खात्यातून खात्यात पैसे पाठवणाऱ्या यूपीआयचा आरंभ झाला, याकडे तहानेल्या लातूरचे लक्ष जाणे शक्य नव्हते. पाऊस चांगला झाला. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा सोयाबीनचा हंगाम चालू होता. चलनातल्या रकमेपैकी सुमारे ८६ टक्के या दोन नोटांत होती. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना या नोटा घेण्यास मनाई झाली, आणि ग्रामीण भागातली बरीच खाती नेमकी त्यांच्याकडे. मोंढ्यावर धनादेश फिरू लागले. दुकानदारांनी कार्ड-यंत्रांसाठी अर्ज केले, पण यंत्र पोहोचायला वेळ लागे. क्यूआरचा छापील कागद दुसऱ्या दिवशी भिंतीवर चिकटे.

या शर्यतीत कार्ड-यंत्र दरातही मागे पडले. जानेवारी २०१८ पासून वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला डेबिट कार्डावर ०.४० टक्के कपात ठरली, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावर शून्य. हाली-कलदारच्या काळापासून या पेठांनी असा पैसा पाहिला नव्हता, ज्यावर बट्टाच नाही. २०२० च्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना दहा हजारांचे कर्ज आणि डिजिटल व्यवहारांवर वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत परतावा ठेवला गेला. म्हणजे बट्टा उलटा फिरला. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने यंत्रे बसवण्यासाठी निधी उभारला, तो मुख्यतः पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी. त्यात कंधार, मुखेड, औसा, निलंगा बसली; नांदेड आणि लातूर शहरे बसली नाहीत, स्वनिधीतले फेरीवाले अपवाद ठरले.

खेड्यांतल्या अनेकांनी हातात धरलेले पहिले यंत्र मात्र पैशाचे नव्हतेच. २०१७ च्या अखेरीपासून अनुदानित खत आधारच्या खातरजमेवर, पॉस यंत्रावर अंगठा टेकवून मिळू लागले. रेशन दुकानातही त्याच सुमारास तसेच यंत्र आले. बोट उमटले नाही की गोणी अडे. पैसे त्यानंतरही रोख मोजले जात.

मोंढ्याच्या आत कार्ड कधीच शिरले नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. कार्ड-यंत्र दुकानात येणाऱ्याकडून पैसे घेते. आडतीवर माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यालाच उलट पैसे चुकते करायचे असतात. त्यासाठी रोकड लागते, हे सरकारलाही मान्य करावे लागले. वर्षाला एक कोटीपेक्षा जास्त रोकड काढणाऱ्यावर २०१९ मध्ये दोन टक्के करकपात लागू झाली, तेव्हा शेतकऱ्यांना पैसे चुकते करण्यासाठी रोकड काढणाऱ्या बाजार समितीच्या आडत्यांना त्याच सप्टेंबरमध्ये त्यातून वगळण्यात आले.

गल्ल्यावर आज यूपीआयने आलेली रक्कम मराठीत पुकारणारा डबा दिसतो. व्यवहार फुकट, पण डब्याला महिन्याचे भाडे, ते खात्यातून आपोआप वळते. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. छोट्या दुकानात दोन हजारांपर्यंत त्यावर कपात नाही, पुढे आहे. एप्रिल २०२३ पासून यूपीआयद्वारे वॉलेटमधून दिलेल्या दोन हजारांवरच्या रकमेवरही १.१ टक्क्यापर्यंत शुल्क लागते, आणि ते गिऱ्हाइकाकडून नव्हे, दुकानदाराच्या बाजूने कापले जाते.