आहारातील ब्रोमाइड

आहारातील ब्रोमाइड म्हणजे अन्न, पाणी व मीठ यांतून शरीरात जाणारा ब्रोमीन या मूलद्रव्याचा ऋण आयन होय. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. त्यामुळे समुद्री मीठ व मासळी यांत ते नैसर्गिकरीत्या आढळते. आहारातील हे अल्प प्रमाण सहसा अपायकारक नसते.

स्रोत

धान्य व फळांतील कीड मारण्यासाठी मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिल्यास मालात ब्रोमाइडचा अंश उरतो. हा वायू ओझोन थराला घातक असल्याने मॉन्ट्रियल करारानुसार त्याच्या वापरावर निर्बंध आहेत. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेल्या 'कृषक' विकिरण केंद्रात गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणे रोखले जाते, तसेच आंब्यातील कीड निष्प्रभ केली जाते. या प्रक्रियेत ब्रोमाइडचा अंश राहत नाही. पावासाठी पिठात मिसळले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट भाजताना बहुतांशी ब्रोमाइडमध्ये रूपांतरित होते. न बदललेले ब्रोमेट कर्करोगकारक असण्याची शक्यता असल्याने भारतात २०१६ मध्ये त्यावर बंदी आली.

उत्सर्जन

मूत्रपिंडे ब्रोमाइड व क्लोराइड यांत फारसा भेद करीत नाहीत. शरीरातील ब्रोमाइड निम्मे होण्यास साधारण १२ दिवस लागतात. आहारात मीठ कमी असल्यास हा काळ वाढतो. मीठ व पाणी पुरेसे असल्यास घटतो. एकोणिसाव्या शतकात अपस्मारावर व झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या अतिसेवनाने गुंगी, संभ्रम, भास व त्वचेवर पुरळ ही लक्षणे दिसत. या स्थितीस ब्रोमिझम म्हणतात. त्यावर वैद्यकीय देखरेखीखाली सलाइन व गंभीर अवस्थेत डायलिसिस हे उपचार आहेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी परस्पर मीठ वाढवणे धोक्याचे ठरते.

आयोडीनशी संबंध

प्राण्यांवरील प्रयोगांत ब्रोमाइडच्या मोठ्या मात्रेने थायरॉइड ग्रंथीच्या आयोडीन-ग्रहणात अडथळा आल्याचे आढळले आहे. आयोडीनची कमतरता असल्यास हा परिणाम तीव्र होतो. प्रौढांची दैनंदिन गरज १५० मायक्रोग्रॅम असून ती आयोडीनयुक्त मिठातून भागू शकते. आयोडीनच्या मोठ्या मात्रेने ब्रोमाइड 'धुऊन निघते' हा दावा सिद्ध झालेला नाही. उलट, अशा मात्रेने थायरॉइडचे कार्य बिघडू शकते.