दुर्बिणीची सनशेड

सनशेड ही दुर्बिणीच्या वस्तुभिंगापुढे बसवली जाणारी पोकळ नळी होय. रायफलवरील नेम-दुर्बीण, पक्षीनिरीक्षणाची दुर्बीण, खगोलीय दुर्बीण आणि कॅमेरा या सर्वांवर ती वेगवेगळ्या रूपांत वापरली जाते. दृश्याच्या बाहेरून तिरका येणारा प्रकाश भिंगापर्यंत पोहोचू न देणे, हे तिचे मुख्य कार्य आहे. सनशेड प्रतिमा मोठी वा अधिक प्रकाशमान करत नाही. प्रतिमेचा उठाव तेवढा टिकवून धरते.

रचना
ही नळी सहसा ॲल्युमिनियमची असते आणि दुर्बिणीच्या तोंडावरील आट्यांत फिरवून बसवतात. स्वस्त नळ्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्याही असतात. आतील पृष्ठभागावर चकाकी नसलेला काळा रंग देतात. अन्यथा नळीच प्रकाश परावर्तित करून भिंगावर टाकील. काही सनशेडऐवजी मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी वापरतात. ती लांबीला कमी असूनही तिरके किरण अडवते, मात्र दृश्य थोडे अंधूक करते.

कार्यपद्धती
भिंगावर तिरके ऊन पडले की त्याचा काही भाग काचेच्या पृष्ठभागांवरून व दुर्बिणीच्या आतील भिंतींवरून परावर्तित होतो आणि प्रतिमेवर सर्वत्र पांढुरकी झाक पसरते. काळा रंग राखाडी भासतो आणि बारीक खुणा पुसट होतात. भिंगावर धूळ वा बोटांचे ठसे असल्यास हा परिणाम वाढतो. परावर्तनरोधी लेपामुळे तो कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

नळी किती लांब असावी हे भिंगाच्या व्यासावर ठरते. ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगापुढे तितक्याच व्यासाची ७५ मिलिमीटर लांब नळी लावल्यास, अक्षाशी सुमारे ३४ अंशांहून अधिक कोन करून येणारे ऊन भिंगाला मुळीच स्पर्श करत नाही. लांबी १५० मिलिमीटर केल्यास ही मर्यादा सुमारे १८ अंशांवर येते. नेम-दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र अरुंद असल्याने लांब नळी चालते. रुंद दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर मात्र तिच्यामुळे चित्राचे कोपरे काळे पडतात.

वऱ्हाडातील उपयोग
अकोला शहर सुमारे २०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंश उंच असतो. त्यामुळे आडव्या धरलेल्या दुर्बिणीवर ७५ मिलिमीटरची नळीही दुपारी पुरेशी ठरते. खरी अडचण सकाळ-संध्याकाळ सूर्याच्या दिशेने पाहताना येते, आणि पक्षीनिरीक्षणाच्याही याच वेळा असतात. अमरावतीचे वडाळी व छत्री तलाव आणि अकोल्याजवळचा कापशी तलाव येथे पाण्यावरची चकाकीही त्यात भर घालते.

१९७४ साली घोषित झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पात वनपिंगळा आढळतो. हा पक्षी ११३ वर्षे नोंदला गेला नव्हता. १९९७ साली तो सातपुड्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो दिवसा वावरतो आणि साध्या पिंगळ्यासारखाच दिसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. वनपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. उजेडाच्या झाकेत हा फरक हरवला, तर दुर्मीळ पक्ष्याची नोंद चुकू शकते.

नेमबाजीतील उपयोग
ऑलिम्पिकमधील रायफल प्रकारांत नेमासाठी दुर्बीण वापरता येत नाही. नेम-दुर्बिणीचा वापर सैन्य व पोलीस दले करतात, तसेच तिला मुभा असलेल्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत ती दिसते. तेथे सनशेडचे आणखी दोन फायदे असतात. भिंगावर ऊन न पडल्याने त्याची चमक दुरून दिसत नाही. तसेच तापलेल्या नळीवरून उठणारी गरम हवा थेट भिंगासमोर येण्याचे प्रमाण काही अंशी घटते. पाऊस, दव व ओरखडे यांपासूनही काचेचे रक्षण होते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली आहे.

मर्यादा
सूर्य लक्ष्याच्या अगदी जवळ असेल तर सनशेड निरुपयोगी ठरते. मे महिन्यात वऱ्हाडातील काळ्या जमिनीवर हवा थरथरते आणि दूरचे दृश्य डळमळते. ते डळमळणे दुर्बीण व लक्ष्य यांच्यामधील हवेत असल्याने नळीने थांबत नाही. लांब नळी झुडपांत अडकते आणि जोराच्या वाऱ्यात दुर्बीण हलवते.

सनशेड हे सौर गाळणीला पर्याय नाही. ती लावलेली असली तरी दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.