केडगावची ‘मुक्ती’ : दुष्काळ, श्रद्धा आणि शब्द

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी पश्चिम व मध्य भारतातील जनजीवन उद्ध्वस्त केले. त्या काळात ख्रिस्ती श्रद्धेने दिलेल्या आशेचे स्वरूप तपासावयाचे झाल्यास पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या केडगाव येथील कार्याचा विचार अपरिहार्य ठरतो.

दुष्काळ रमाबाईंना ऐकून ठाऊक नव्हता. दक्षिणेतील तीर्थाटनात आई, वडील व थोरली बहीण त्यांनी दुष्काळातच गमावली होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुली व विधवा यांना त्यांनी आणले. परंतु पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांची सोय केडगावच्या शेतावर करावी लागली. ‘मुक्ती सदन’ उभे राहिले ते या निकडीतून. १९०० साली गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. अन्नासाठी आलेल्या अनाथांची श्रद्धा कितपत स्वतंत्र मानावी? १८९३ मध्ये शारदा सदनातील धर्मांतराच्या वादावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. आश्रय देणारा व घेणारा यांचे बळ समान नसते. तेव्हा हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. तथापि केडगावात आशा केवळ प्रार्थनेपुरती नव्हती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही कामे स्त्रियांच्या हाती आली, आणि उपजीविकेबरोबर अक्षरज्ञानही लाभले.

भाषेच्या दृष्टीने ‘मुक्ती’ हा शब्दच बोलका आहे. परंपरेने तो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका सुचवितो. ख्रिस्ती अर्थाने पापापासून सुटका. केडगावात त्याला उपासमारीतून सुटकेचा तिसरा, ऐहिक अर्थ प्राप्त झाला. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही याच दृष्टीचे द्योतक होय. संस्कृतप्रचुर शब्दयोजना टाळून सामान्य स्त्रीला उमगेल अशी भाषा त्यांनी योजिली. तो ग्रंथ सदनातील स्त्रियांनीच छापला. संपूर्ण बायबल रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. ज्यांना दुष्काळाने निराधार केले होते, त्यांच्याच हातांनी खिळे जुळविले. आशेचा याहून ठोस पुरावा इतिहासाला क्वचितच मिळतो.