साइक्ससाहेबांच्या मुंग्या

मुळशीकडे घर बांधून बाग केलेली मंडळी मला हमखास विचारतात : झाडाच्या फांदीवर शेणाचा गोळा थापल्यासारखं दिसतं, ते काय? वारूळ झाडावर कसं चढलं? तोवर हातात औषधाचा पंप आलेलाच असतो.

याचं एक उत्तर १८३५ साली छापलं गेलं आहे. विल्यम हेन्री साइक्स हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी. १८२४मध्ये एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. पिकं आणि माणसं मोजता मोजता त्यांनी पक्षी, मासे आणि मुंग्याही टिपल्या. लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या अंकात त्यांनी या घराचं वर्णन केलं. गाईच्या शेणाचे पातळ पापुद्रे कौलांसारखे रचलेले, माथ्यावर टोपीसारखा एक मोठा पापुद्रा. पाऊस आत शिरेल कसा? आज या मुंगीला क्रेमाटोगॅस्टर किर्बी म्हणतात. तिच्या भाऊबंदांचीही घरं अशीच असतात, तेव्हा नेमकी जात तज्ज्ञानंच सांगावी. कूळ मात्र कुणालाही ओळखता येतं : पोट पत्त्यातल्या बदामासारखं, आणि डिवचलं की ते पाठीवर उचललं जातं. तांबूस सुतारपक्षी अशाच घरात बीळ कोरून अंडी घालतो. पंप चालवण्यापूर्वी एवढं पाहून घ्यावं.

साइक्स यांची दुसरी मुंगी जमिनीवरची. जून १८२९. पुण्यात परेडच्या मैदानाजवळ सकाळी फिरताना त्यांना गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले. शेकडो मुंग्या खालच्या कोठारातलं भिजलेलं बी उन्हात वाळवायला वर आणत होत्या. साइक्स यांनी हिशेब केला : हे गवत पिकतं जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे साठा तेव्हाचाच. नाव दिलं प्रॉव्हिडेन्स, पुढची तरतूद करणारी. आजही ती फायडोल प्रॉव्हिडेन्स आहे. बागेत हिच्या कुळातल्या मुंग्यांची रांग लागली तर डोक्यांकडे पाहा. लहान कामकरी मुंग्यांत अधूनमधून भल्या मोठ्या डोक्याची एखादी चालताना दिसेल.

(तिसरीचं नाव ‘न थकणारी’ अशा अर्थाचं. मिठाईच्या टेबलाचे पाय पाण्यात ठेवले, तरी ती भिंतीवर चढून वरून टेबलावर उडी टाकी!)

मुंगी दाणे साठवते हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला कुणी विलायतेहून यायला नको होतं. पण युरोपातले अभ्यासक तेव्हा ही प्राचीनांची भाबडी समजूत मानत, कारण त्यांच्या थंड मुलखातल्या मुंग्या साठा करीत नाहीत. आपल्या अंगणात दिसत नाही ते जगातच नाही, असा हा न्याय! पुढे मॉगरिज यांनी दक्षिण फ्रान्समध्ये मुंग्यांची धान्याची कोठारं खणून पाहिली. १८७३ साली त्यांचं पुस्तक निघालं, आणि त्यात पुण्याच्या मुंग्यांचा दाखला होता.