आधी पैसे, मंग पुडकं

बाळापुरात गोल्फचं मैदान नाही. तरी पहिल्या पगारातून मी एक जुनी गोल्फ स्टिक ऑनलाइन मागवली, कॅश ऑन डिलिव्हरी. पैसे दिले, खोका उघडला, तर स्टिक डावखुऱ्याची!

आबाजी हसले. "अबे, हे तं आमच्या व्हीपीसारखंच झालं. आधी पैसे, मंग पुडकं."

खरंच. १८६७ मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. आपलं पारस स्टेशन त्याच मार्गावर. मग १८७७ मध्ये टपाल खात्याने व्हीपी सुरू केली. पोस्टमन पार्सल आणणार, पैसे घेणार, पोस्ट ते दुकानदाराला पोचवणार. पुढे १८९१ मध्ये मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स आलं. त्याचा जाडजूड कॅटलॉग चाळून साहेबलोक घरबसल्या सामान मागवत.

म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी ही अ‍ॅपवाल्यांची कल्पना नव्हेच. अनोळखी दुकानदाराला आगाऊ पैसे द्यायची भीती व्हीपीने घालवली. पण पुडक्यात काय निघेल, ही भीती उरलीच. त्यावरचा इलाज म्हणजे रिटर्न. माझ्या ऑर्डरखाली मात्र बारीक अक्षरांत लिहिलं होतं: परत घेतलं जाणार नाही.

ते मी आता वाचलं. सध्या मन नदीच्या काठी, किल्ल्याखाली, डाव्या हाताने शिकतोय.