जुनेर

गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही घरची चौघे कोल्हापूरला महाद्वार रोडवर खरेदीला गेलो. यादी माझ्या खिशात होती. मुलीच्या शाळेच्या बुटातून अंगठा जगाकडे पाहू लागला होता. माझ्या दोन सदऱ्यांच्या कॉलरी विरल्या होत्या. पत्नीच्या रोजच्या साड्यांत रफूलाही जागा उरली नव्हती. आणि आईचे पायताण वर्षभरात तीनदा शिवून झाले होते.

दुकानात आईने नेहमीप्रमाणे कापड चिमटीत धरून चुरगळून पाहिले. "धुतल्यावर टिकेल का रे बाळा?" तिने विचारले.

"आज्जी, आता टिकण्यासाठी कोण घेतंय?" गल्ल्याजवळचा पोरगा हसून म्हणाला.

त्या पोराचे काही चुकले नव्हते. पण त्याच्या त्या एका वाक्यात शे-दीडशे वर्षांचा इतिहास उलटा झाला होता.

आमच्या आजीच्या काळी कापड मरत नसे. ते फक्त जन्म बदलीत असे. नऊवारी लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग काढून दोन्ही तुकडे जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही थकले की त्याचा परकर, परकराची बाळाची दुपटी, दुपट्यांची गोधडी, आणि गोधडी विटली की पोतेरे. त्यातूनही एखादे जुनेर धड राहिलेच, तर बोहारणीशी तासभर हुज्जत घालून त्याचे एक पातेले घरात यायचे!

कापडाचा जो इतिहास आपण शाळेत शिकतो आणि मी शिकवतो, तो मात्र गिरण्यांचा आणि होळ्यांचा. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ती गिरणी सुरू झाली. 1906 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात गिरणीचा पाया घातला. तिचा भोंगा आता थांबला आहे. त्याच्या आदल्या वर्षी, 1905 च्या ऑक्टोबरात, पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विलायती कापडाची होळी झाली. त्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. 31 जुलै 1921 रोजी परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींनी स्वतः होळी पेटवली. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीवर परदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू तिच्याखाली चिरडला गेला. बाविशीचा हा तरुण गिरणीत राबणारा. ज्या कापडाने त्याचे पोट भरले, त्याच कापडापायी त्याचा जीव गेला.

हे सारे शिकवताना माझा ऊर आजही भरून येतो. पण एक प्रश्न मनातून जात नाही. ज्यांच्याजवळ दुसरे वस्त्रच नव्हते, त्यांनी होळीत काय टाकावे? हा प्रश्न गांधीजींनाही पडला. 1921 च्या सप्टेंबरात मदुरेला जाताना गाडीतल्या गोरगरिबांना त्यांनी खादी का घेत नाही म्हणून विचारले. ती आम्हाला परवडत नाही, असे उत्तर मिळाले. मदुरेला पोचल्यावर त्यांनी अंगावरचे कपडे उतरवून पंचा नेसला, तो कायमचा.

आमच्या आजीचे लग्न 1944 सालचे, कऱ्हाडचे. लढाईचे दिवस. 1943 च्या जूनमध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले होते. ठाणावर किंमत छापलेली असे, पण त्या किमतीला ठाण मिळत नसे. मिळे ते काळ्या बाजारात. आजी सांगे, "माझ्या लग्नाचं लुगडं मी दहा वर्षं नेसले, आणि तुझा बाप त्याच्याच दुपट्यात वाढला."

पायांची गोष्ट आणखी निराळी. जुन्या गावगाड्यात जोडे घ्यायला बाजारात जावेच लागत नसे. चर्मकार हा बलुतेदार. त्याने वर्षभर गावाच्या वहाणा करायच्या, मोटा शिवायच्या, आणि सुगीला खळ्यावर मिळेल ते धान्य घ्यायचे. प्रत्येक पायाचे माप त्याला ठाऊक असे. कष्टाचे मोल ठरवणे मात्र त्याच्या हाती नव्हते. त्याच हातांनी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे, खिळा न ठोकता कातड्याच्याच वादीने शिवून, कोल्हापूरचे नाव जगभर नेले. 2019 साली महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. तरी 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीतल्या पेढीने मिलानमध्ये तशाच चपला मांडल्या, तेव्हा मूळ कारागिरीचा उल्लेख नव्हता; ओरड झाल्यावर त्यांनी ते ऋण मान्य केले.

कपडे घेऊन आम्ही चप्पल लाईनीत आलो. आई बाकड्यावर बसली आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाली, "माझं राहू दे. अजून वर्ष जाईल की हे पायताण."

हे वाक्य मी पूर्वी वाचले होते. हो, वाचलेच होते! वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत दिवाळीच्या खर्चाची एक वही सापडली. दर वर्षाचे एक पान. माझ्या नावापुढे खाकी हाफ पँट, 'वाढत्या अंगाची' अशी टीप. बहिणीपुढे परकराचे कापड, आजीपुढे लुगडे. आणि आईच्या नावापुढे ओळीने तीन वर्षे दोनच अक्षरे: 'पु. व.' म्हणजे पुढल्या वर्षी. त्या तिन्ही वर्षी माझ्या पायांत नवे बूट होते.

होळीत जळलेल्या कापडाची तारीख मला तोंडपाठ आहे. न घेतलेल्या कापडाची नोंद फक्त त्या वहीत आहे.

"आज्जी, यादीत तुझं नाव आहे. नाव असलं की घ्यावंच लागतं," माझी मुलगी शाळेतल्या बाईंच्या थाटात म्हणाली. आई हसली. तिने कापशी चप्पल पायात घातली, दोन पावले चालून पाहिली, पैसे ऐकून दोनदा हाय हाय केले आणि अखेर एका अटीवर कबूल झाली. जुने पायताण टाकायचे नाही. परसात जायला होईल!

त्या रात्री मी वडिलांच्या वहीचे एक कोरे पान उघडले. वर साल घातले आणि सगळ्यांच्या आधी लिहिले: 'आई. पायताण, नवे.'